संघ आले, संघ गेले: महाराष्ट्रातल्या अल्पायुषी व्यावसायिक फुटबॉलचा आढावा

पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात २०१४-१५ च्या हंगामात तीन व्यावसायिक फुटबॉल संघ नांदत होते. पुणे एफसी आणि भारत एफसी हे आय-लीगमध्ये होते, एफसी पुणे सिटी इंडियन सुपर लीगमध्ये. २०१९ संपेपर्यंत तिघांपैकी एकही उरला नव्हता, आणि मधल्या काळात आलेला चौथा, डीएसके शिवाजीयन्स, हाही येऊन गेला होता. पाच वर्षांत एका शहरातून चार संघ नाहीसे झाले, पण त्यावर मोर्चा निघाला नाही की सभागृहात प्रश्न विचारला गेला नाही. चार दिवस बातम्या छापून आल्या, समर्थकांच्या छोट्या गटांनी हळहळ व्यक्त केली आणि विषय संपला.

हिंगोलीत बसून मी याचा आढावा का घ्यावा, असे कुणी विचारले तर ते रास्तच आहे. आमच्या जिल्ह्यात व्यावसायिक फुटबॉल संघ कधी नव्हता, आजही नाही. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी जिल्हा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके. खेळ म्हटले की कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि टेनिस बॉलचे क्रिकेट. पण आता तालुक्याच्या गावीही ‘प्रीमियर लीग’ भरते, खेळाडूंची बोली लागते, संघमालकाचा फोटो फलकावर कर्णधारापेक्षा मोठा असतो. पुण्या-मुंबईत जे चुकले त्याचाच नमुना खाली उतरतो आहे. म्हणून हा हिशेब आपणही मांडलेला बरा.

सुरुवात छपराखालच्या फुटबॉलपासून करू, कारण तिथे हा रोग सर्वांत उघडा दिसतो. अमेरिकेत जिम फॉस्टर नावाच्या गृहस्थांना १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बंदिस्त जागेतला सॉकर पाहताना सुचले, की त्यांच्या देशाचे ते धडाधडीचे फुटबॉलही असे आत खेळता येईल. हातातल्या पाकिटावर त्यांनी मैदान रेखाटले. लांबी पन्नास यार्ड, म्हणजे नेहमीच्या निम्मी. अकराऐवजी आठ खेळाडू. कडेला गादी लावलेल्या भिंती आणि गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या जाळ्या. जाळीवर आपटून परत आलेला चेंडू ‘जिवंत’ धरायचा. १९८७ मध्ये चार संघांनिशी अरिना फुटबॉल लीग सुरू झाली. पहिले विजेतेपद डेन्व्हर डायनामाइटने मिळवले, आणि आज तो संघही नाही. फॉस्टर यांनी या खेळाचे पेटंटही घेतले, ते १९९० मध्ये मंजूर झाले. खेळ, त्याचे नियम आणि मैदान हे सगळे कुणाच्या तरी मालकीचे! हे मला या सबंध प्रकरणातले सर्वांत बोलके कलम वाटते. गल्लीतला खेळ वाढत वाढत लीगपर्यंत पोहोचतो, हा नेहमीचा क्रम इथे उलटा झाला. आधी उत्पादन तयार झाले, मग संघ, मग प्रेक्षक शोधले गेले. ही लीग दोनदा दिवाळखोरीत गेली, २००९ मध्ये आणि २०१९ मध्ये. २०२४ मध्ये तिसऱ्यांदा उभी केली तेव्हा तर हंगामाच्या पहिल्या काही आठवड्यांतच संघ गळू लागले. या चार दशकांत किती शहरांनी संघ मिळवले आणि गमावले, त्याची यादी केली तर हा लेख तिच्यातच संपेल.

आपल्याकडे अमेरिकी फुटबॉलची झुळूक २०११ मध्ये आली. अमेरिकी गुंतवणूकदारांनी ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ जाहीर केली. पाठीराख्यांत माइक डिटका, कर्ट वॉर्नर असे तिकडचे नामवंत आणि मार्क वॉलबर्ग हा अभिनेताही होता. संघांची नावे ऐकूनच गंमत वाटावी: मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेंडर्स, कोलकाता व्हायपर्स आणि आपले पुणे मराठाज. रग्बी, अ‍ॅथलेटिक्स अशा खेळांतली अंगापिंडाने धट्टीकट्टी मुले जमवून त्यांना लंबगोल चेंडू आणि हेल्मेट देण्यात आले. २०१२ च्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना पुणे मराठाजने दिल्ली डिफेंडर्सविरुद्ध ६-० असा जिंकला. म्हणजे एका व्यावसायिक लीगचे पहिले विजेतेपद पुण्याच्या नावावर आहे. हे पुण्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? सामने टेन स्पोर्ट्सवर दाखवले गेले, पण ज्या खेळाचे नियमच प्रेक्षकाला माहीत नाहीत, त्यात आपला संघ जिंकला काय अन् हरला काय. पुढचा हंगाम वर्षानुवर्षे रखडत राहिला. मराठा हे नाव घेतले की मराठी माणूस आपोआप गोळा होईल, हा तिकडून इकडे आलेल्यांचा अंदाज साफ चुकला.

यापेक्षा चतुर प्रयोग २०१६ चा. फुटसाल हा खरोखरीचा खेळ आहे, त्याला इतिहास आहे. उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओ इथे वायएमसीएमध्ये शिकवणाऱ्या हुआन कार्लोस सेरियानी यांनी १९३० मध्ये तो बसवला. चाळीस बाय वीस मीटरचे आवार, बाजूला पाच-पाच खेळाडू, कमी उसळणारा चेंडू. दक्षिण अमेरिकेतली पोरे यावर वाढतात, आणि फिफा १९८९ पासून त्याचा विश्वचषक भरवते. भारतात ‘प्रीमियर फुटसाल’ नावाने सहा शहरांचे संघ उभे राहिले. लुईस फिगो अध्यक्ष, विराट कोहली सदिच्छादूत, गीताला ए. आर. रहमान यांचे संगीत. गोव्याच्या संघात रोनाल्डिन्हो, बंगळुरूकडे पॉल स्कोल्स, चेन्नईकडे फुटसालचा खरा बादशहा फाल्काव, आणि मुंबईकडे रायन गिग्ज. मुंबई फाइव्हज असे संघाचे नाव. जुलै २०१६ मध्ये कोचीला पेनल्टीवर हरवून मुंबईने विजेतेपद मिळवले.

आता या विजयाची दुसरी बाजू पाहा. सामने झाले चेन्नईत आणि गोव्यात. मुंबईच्या संघाने मुंबईत एकही सामना न खेळता मुंबईला विजेता केले. रोनाल्डिन्होने गोव्याकडून बंगळुरूविरुद्ध पाच गोल केले आणि मग तो हंगाम अर्ध्यावर टाकून गेला. त्याच्या जागी काफू आला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ही स्पर्धा आपल्या मान्यतेची नाही हे आधीच स्पष्ट केले होते, त्यामुळे इथे खेळून भारतीय संघाचे दार उघडण्याची सोय नव्हती. दुसऱ्या वर्षी नावे बदलली. मुंबई फाइव्हजचे मुंबई वॉरियर्स झाले, सामने मुंबई, बंगळुरू आणि दुबईत झाले, आणि दिल्लीला हरवून मुंबईच पुन्हा जिंकली. दोन हंगाम, दोन विजेतेपदे, आणि पुढे काहीच नाही. इतका यशस्वी आणि इतका अल्पायुषी संघ महाराष्ट्राच्या खेळात दुसरा सापडणार नाही.

पुढे महासंघाने २०२१ मध्ये दिल्लीत फुटसालची पहिली अधिकृत क्लब स्पर्धा घेतली आणि २०२३ मध्ये भारताचा फुटसाल संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरला. म्हणजे खेळ टिकला, वाढलाही. टिकली नाही ती दुकानदारी. यावरून लोकांना छपराखालचे फुटबॉल नको होते असा निष्कर्ष काढता येत नाही. मुंबई-पुण्यात भाड्याच्या कृत्रिम हिरवळीवर रात्री अकरालाही जागा मिळत नाही, तिथे जे खेळले जाते ते याच जातीचे आहे.

तर मग मोठ्या मैदानावरच्या, महासंघाची मान्यता असलेल्या संघांचे काय झाले? इथे प्रकरण गुंतागुंतीचे होते आणि म्हणूनच जास्त बघण्यासारखे.

मुंबईचे जुने फुटबॉल कंपन्यांच्या आणि खात्यांच्या आश्रयाने चालत असे. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा, कुपरेजचे मैदान, तिथे कॅलटेक्स, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे अशी नावे. १९५८ चा रोव्हर्स चषक कॅलटेक्स या तेलकंपनीच्या संघाने जिंकला होता. या व्यवस्थेत खेळाडूला नोकरी मिळे. गुडघा गेला तरी पगार चालू राही, आणि निवृत्तीनंतर फंड मिळे. व्यावसायिक फुटबॉलच्या चाहत्यांनी या संघांची ‘कारकुनी फुटबॉल’ म्हणून चेष्टा केली आहे, आणि खेळाच्या दर्जाविषयी ती सगळीच खोटी नव्हती. पण पोटाचा प्रश्न त्या व्यवस्थेने जसा सोडवला तसा नंतरच्या कुठल्याच व्यवस्थेने सोडवला नाही. रोव्हर्स चषक शतक ओलांडून २००१ च्या सुमारास बंद पडला, तेव्हाच ती जुनी चौकटही मोडत आली होती.

या जुन्या आणि नव्या काळाच्या सांध्यावर महिंद्रा युनायटेड उभा होता. १९६२ चा कंपनीचा संघ, ‘जीपमेन’ हे त्याचे टोपणनाव. नाव बदलून, परदेशी खेळाडू आणून तो व्यावसायिक झाला आणि २००५-०६ मध्ये त्याने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. २००८ मध्ये ड्युरँड चषकही नेला. पुढच्या दोन वर्षांत, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद करत असल्याचे जाहीर केले. पैसा शालेय फुटबॉलकडे वळवायचा, असे कारण होते. शालेय फुटबॉलला माझा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु देशाचा माजी विजेता संघ एका निर्णयाने मिटतो आणि त्याला आक्षेप घेण्याचा अधिकार कुणालाच नसतो, हे तेव्हा पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसले. पुढच्याच वर्षी पंजाबात फगवाड्याचा जेसीटी, म्हणजे नॅशनल लीगचा पहिला विजेता, त्याच वाटेने गेला. टीव्हीवर दिसत नसेल तर संघ कशाला चालवायचा, असा त्या कंपनीचा सूर होता, आणि निदान तो प्रांजळ होता.

२०१२ च्या ड्युरँड चषकाचा अंतिम सामना मी या आढाव्यात मुद्दाम घेतो, कारण तो फारसा कुणी आठवत नाही. दिल्लीत झालेल्या या सामन्यात दोन्ही संघ मुंबईचे होते: एअर इंडिया आणि डॉडसल एफसी. एअर इंडियाने पेनल्टीवर बाजी मारली. एक खात्याचा जुना संघ, दुसरा उद्योगसमूहाचा नवाकोरा. आशियातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम फेरीत मुंबईच्या मुलुखातले दोघे, ही मिरवण्याची गोष्ट होती. पुढच्या वर्षी एअर इंडियाला आय-लीगमधून वगळण्यात आले, कारण क्लब परवान्याच्या नव्या अटी सरकारी खात्याच्या संघाला पुऱ्या करता येत नव्हत्या. डॉडसलने मुंबई टायगर्स असे नाव घेतले, मोठ्या खेळाडूंना करारबद्ध केले, वरच्या लीगमध्ये थेट प्रवेश मागितला, तो मिळाला नाही, आणि २०१४ मध्ये संघच विसर्जित केला. जुना संघ नव्या नियमांत बसला नाही आणि नव्याला खालून चढत जाण्याइतका धीर नव्हता. महाराष्ट्राच्या क्लब फुटबॉलची सगळी अडचण त्या एका अंतिम सामन्याच्या दोन बाजूंत मला दिसते.

त्याच वेळी एस्सेल समूहाचा मुंबई एफसी २००७ पासून चालू होता. आय-लीगमध्ये तो कधी फार वर गेला नाही, पण खाली घसरण्यातूनही दरवर्षी निसटत राहिला. कमी पैशांत टिकून राहण्याची ही कला खालिद जमील यांची. ते या संघाकडून खेळले आणि मग २०१६ पर्यंत त्याचे प्रशिक्षक होते. ते गेले आणि २०१६-१७ च्या हंगामात मुंबई एफसी तळाला गेला. खालच्या लीगमधून परत वर येण्याचा प्रयत्नही न करता तो बंद झाला. त्याच हंगामात जमील यांनी मिझोरमच्या आयझॉल या छोट्या संघाला आय-लीगचे विजेते केले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या खेळण्याच्या कारकिर्दीतले संघ पाहा: महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. तिघेही आज व्यावसायिक फुटबॉलमध्ये नाहीत. देशाच्या प्रशिक्षकाला जर कुणी विचारले, तुमचे जुने क्लब दाखवा, तर त्यांना फक्त मैदाने दाखवता येतील.

आता पुण्याकडे येऊ. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधले गेले, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. अशा जागेला नियमित भाडेकरू हवा असतो. तो अशोक पिरामल समूहाच्या पुणे एफसीच्या रूपाने मिळाला. २००७ मध्ये स्थापन झालेला हा संघ माझ्या मते महाराष्ट्रात उभारलेला सर्वांत नीटस व्यावसायिक क्लब होता. दुसऱ्या दर्जाच्या लीगमधून खेळून तो वर आला. पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, तिसरा आला. २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. २०१४ मध्ये एएफसी चषकात आशियातल्या संघांशी खेळला. त्याची निवासी अकादमी देशातल्या चांगल्या अकादम्यांपैकी एक होती. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन तिथून पुढे भारतीय संघात गेला. सगळे असे पुस्तकातल्यासारखे करूनही क्लब २०१५ मध्ये गुंडाळला गेला. खेळात काही बिघडले नव्हते. बिघडली होती ती भोवतालची व्यवस्था.

त्यासाठी २०१० च्या डिसेंबरात जावे लागते. महासंघाने तेव्हा आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा करार केला आणि देशातल्या फुटबॉलचे व्यापारी हक्क त्यांना दिले. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग जन्माला आली. आठ शहरे, आठ मालक, सिनेमा-क्रिकेटमधले चेहरे, युरोपातले निवृत्तीला आलेले तारे. आय-लीगचे क्लब त्यात नव्हते. एका देशात दोन लीग, एकीकडे झगमगाट आणि दुसरीकडे महासंघाची जुनी मान्यता. पुरस्कर्ता आणि टीव्हीवाला कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. पुणे एफसीच्या शेजारी त्याच मैदानावर एफसी पुणे सिटी येऊन बसला. २०१४-१५ च्या हंगामात कल्याणी समूहाने भारत एफसी नावाचा तिसरा संघ थेट आय-लीगमध्ये उतरवला. तो तळाला राहिला, आणि एका हंगामात त्याने गाशा गुंडाळला. एकाच मैदानावर, एकाच शहराच्या फुटबॉलवेड्या काही हजारांसाठी तीन संघ. आणि मुंबई सोडली तर महाराष्ट्राच्या उरलेल्या विस्तारात, नागपूर ते सोलापूर, आमच्या मराठवाड्यासकट, शून्य. हे नियोजन कुणी केले होते, असे विचारू नये. ते कुणीच केलेले नव्हते.

डीएसके शिवाजीयन्सची कहाणी थोडी वेगळी. शिवाजीयन्स हा पुण्यातला आधीपासूनचा स्थानिक क्लब. त्याला बांधकाम क्षेत्रातल्या डीएसके समूहाचे बळ मिळाले, लिव्हरपूल क्लबच्या नावाने निवासी अकादमी निघाली आणि २०१५-१६ मध्ये संघ कॉर्पोरेट प्रवेशाच्या दाराने आय-लीगमध्ये गेला. दोन हंगाम झाले. २०१७ मध्ये समूहाची आर्थिक घडी विस्कटली तसा संघ आणि अकादमी दोन्ही बंद पडले. इथे दुःख जास्त आहे, कारण नवा संघ मेला तर फक्त नवा संघ मरतो, इथे जुन्या क्लबचे नाव सोबत गेले.

एफसी पुणे सिटीचे मालक वाधवान समूह आणि हृतिक रोशन. डेव्हिड ट्रेझेगे, एड्रियन मुटू असे खेळाडू आले. आइसलंडचा आयदुर गुड्योनसेन २०१६ मध्ये करारबद्ध झाला आणि दुखापतीमुळे एकही सामना न खेळता गेला. २०१७-१८ हा एकच हंगाम खऱ्या अर्थाने चांगला: मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो यांची जोडी जमली आणि संघ उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्या वर्षी पैशांची तंगी उघड झाली. ज्या वर्षी वाधवानांची दिवाण हाउसिंग कर्जफेडीत चुकू लागली, त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे सिटीचे दार बंद झाले आणि लीगमधली त्याची जागा नव्या मालकांनी हैदराबादला नेली.

ही ‘जागा’ कुठे कुठे फिरली ते पाहण्यासारखे आहे. हैदराबाद एफसीने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले. दोन वर्षांत तिथे पगार थकले, खेळाडू निघून गेले. २०२५ मध्ये हा संघ पुन्हा मालक बदलून दिल्लीला गेला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. आणि दिल्लीचा मूळ संघ, दिल्ली डायनामोज? तो २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. रेशनकार्डावरचा पत्ता बदलावा इतक्या सहजतेने हे पत्ते बदलले. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब असाच दूरच्या गावी नेण्याचे ठरले, तेव्हा समर्थकांनी २००२ मध्ये स्वतःचा नवा क्लब काढून तळाच्या लीगपासून सुरुवात केली होती. जर्मनीत तर मतांची बहुसंख्या क्लबच्या सभासदांकडे राहावी असा नियमच आहे. पुण्यात समर्थकांचे ढोल होते, झेंडे होते, गाणी होती. सभासदत्व मात्र नव्हते.

फुटबॉलला पैसा नाही म्हणून हे झाले, अशी एक समजूत आहे. क्रिकेटकडे पाहिले की ती गळून पडते. सहाराने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून पुणे वॉरियर्स घेतला, २०११ ते २०१३ असे तीन हंगाम खेळवला आणि फ्रँचायझी शुल्क व बँक हमीच्या वादात बाहेर पडला. रायझिंग पुणे सुपरजायंट मुळात दोनच वर्षांचा होता. २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरला आणि ठरल्याप्रमाणे विरून गेला. हॉकीत पुणे स्ट्रायकर्स २०१२ च्या वर्ल्ड सीरिज हॉकीत उपविजेता झाला, आणि लीगचा पुढचा हंगामच झाला नाही. खेळ कुठलाही असो, करार एकाच घाटाचा: मालक लीगला दरवर्षी शुल्क देतो, तिकिटातून खर्चाचा किरकोळ भाग निघतो, मैदान दुसऱ्याचे असल्याने ते आपले करता येत नाही, आणि तोटा भरून काढायचा तो मूळ धंद्याच्या नफ्यातून. मूळ धंदा खोकला की संघाला न्यूमोनिया होतो.

याला अपवाद म्हणून जेएसडब्ल्यूचा दाखला दिला जातो, आणि तो बरोबर आहे. मुंबईच्या या समूहाने २०१३ मध्ये संघ काढला, पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली आणि तो संघ आजही उभा आहे. फक्त त्यांनी तो मुंबईत काढला नाही. बंगळुरूत काढला.

महाराष्ट्रात उरला तो मुंबई सिटी एफसी. २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतल्यावर त्याने चार वर्षांत दोन लीग शील्ड आणि दोन विजेतेपदे मिळवली. पण पंधरा वर्षांचा तो जुना करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, नव्याचे काही ठरले नव्हते, आणि जुलै २०२५ मध्ये सबंध लीगच लांबणीवर पडली. वर्षअखेरीस सिटी ग्रुपने अंग काढून घेतले. आता एवढा बडा फुटबॉल समूहही जिथे थांबत नाही, तिथे दोष एखाद्या मालकाच्या चंचलतेला देऊन भागणार नाही. लीगचा आराखडाच पुढच्या पाच वर्षांची खात्री देत नसेल तर शहाणा माणूस पैसे लावणार नाही आणि हौशी माणूस दोन वर्षे लावून निघून जाईल. आपल्याकडे हौशी माणसे पुष्कळ आली.

कोल्हापूरचा उल्लेख केल्याशिवाय हा आढावा लंगडा राहील. तिथे पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आहेत. संघ म्हणजे पेठ, आणि पेठ म्हणजे घर. शाहू स्टेडियमवर मोठ्या सामन्याला माणसांची रीघ लागते, जी बालेवाडीत तारांकित खेळाडू आणूनही नेहमी लागत नसे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव क्रीडा प्रबोधिनीतून पुढे जाऊन २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. या फुटबॉलचे फार गोडवे गाऊ नयेत हेही खरे. हुल्लडबाजी होते, पेठांची भांडणे मैदानाबाहेर जातात, आणि खेळाडूला त्यातून आयुष्यभराची भाकरी मिळत नाही. व्यावसायिक क्लबला लागणारी शिस्त तिथे नाही. पण कुठल्याही कंपनीचा ताळेबंद बिघडला म्हणून पाटाकडील बंद पडत नाही, हे या सगळ्या गर्दीत एकट्या कोल्हापूरला जमले. पुण्याच्या चार-चार मालकांपैकी एकानेही आपला संघ कोल्हापुरात रुजवून पाहिला नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आणि जिल्हे? विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ राबवले, शाळांना चेंडू वाटले आणि एकाच दिवशी राज्यभर मुलांना फुटबॉल खेळवले. २०२३ मध्ये एफसी बायर्न महाराष्ट्र चषक स्पर्धा झाली. जिल्ह्यांतून निवड होत होत वीस मुलांचा म्युनिकचा प्रवास ठरला. दोन्ही उपक्रमांत आमच्यासारख्या जिल्ह्यातल्या मुलाच्या पायाशी चेंडू आला, हे मान्य करायला हवे. पुण्या-मुंबईच्या डझनभर व्यावसायिक संघांनी मिळून एवढेही केले नव्हते. फरक इतकाच, की चेंडू दिला, प्रशिक्षक दिला नाही. हवा गेल्यावर चेंडू शाळेच्या कपाटात जातो. सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीला संघ पाठवायचा तर क्रीडाशिक्षकाला गाडीभाड्यासाठी गावात फिरावे लागते, आणि पुष्कळ शाळांत क्रीडाशिक्षकाचे पदच रिकामे असते. व्यावसायिक संघाचे आयुष्य वाढवायचे असेल तर त्याला खेळाडू आणि प्रेक्षक पुरवणारा हा तळ लागतो. तो नसल्यामुळेच प्रत्येक नव्या मालकाला केरळ, मिझोरम, मणिपूर आणि ब्राझीलहून माणसे आणावी लागली. पुण्याच्या संघात पुणेकर खेळाडू शोधावा लागे, मराठवाड्यातला तर विचारायलाच नको.

गेली काही वर्षे राज्य-लीग, विभाग-लीग, शहर-लीग यांची हवा आहे. उद्या कुणी मराठवाड्याच्या नावाने फुटबॉलचा, कबड्डीचा, नाहीतर छपराखालच्या कुठल्या नव्याच खेळाचा संघ घेऊन हिंगोलीत वर्गणी किंवा प्रायोजक मागायला येईल, आणि त्यात वाईट काही नाही. वाचकांना एवढीच विनंती, की जर्सीचा रंग आणि सदिच्छादूताचे नाव विचारण्याआधी दोन कागद मागा: खेळाडूंच्या दोन वर्षांच्या पगाराची बँक हमी, आणि कुठल्या मैदानावर किती वर्षांचा करार झाला आहे तो. ते नसतील तर तेच पैसे जवळच्या शाळेच्या संघाला सुब्रतो चषकाच्या गाडीभाड्यासाठी द्या.